पहिल्या रांगेतली पिशवी

सोमवार, तारीख अकरा

चि. मुंगीस आजीचे भरभरून आशीर्वाद.

तुझी स्मरणशक्ती माझ्यावर गेली असेल तर अवघड आहे बाई. आजीला अक्षरओळख नाही हे जन्मापासून माहीत असून तू मला प्रश्नांचा छापील कागद पाठवलास. मला वाटलं विजेचं बिल आलं, म्हणून दोन दिवस साखरेच्या डब्याखाली दाबून ठेवलं. मग खालच्या मजल्यावरच्या शिवणवालीने वाचून दाखवलं, तेव्हा कळलं की माझाच ऐंशीवा वाढदिवस कसा झाला ते मीच सांगायचंय आणि पाचांपैकी चांदण्या रंगवायच्यात. ऑफिसांचे कार्यक्रम करून करून तुला खोडच लागली आहे. पाहुणे घरी पोचत नाहीत तोच कागद दारात.

फोनवर तू मधे मधे बोलतेस, म्हणून हे पत्र. शिवणवाली लिहिते आहे. मी खिडकी लावते, पुन्हा उघडते. ती म्हणते, एका जागी बसा.

हॉल चांगला होता. फुलं इतकी की मला सात शिंका आल्या. तुझ्या बापाचं भाषण लांबलं. मी एवढी थोर आहे हे ऐंशी वर्षांत कुणी मला कळू दिलं नव्हतं. माइक केकाटत होता, केक बरा होता. चार चांदण्या.

पुढचा प्रश्न, बसण्याची व्यवस्था कशी वाटली. तो शिवणवालीने तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा मी चहाचं बघायला उठले.

खुर्च्यांवर नावांची कार्डं ठेवायची तुझी कल्पना छानच. तू मला पहिल्या रांगेत बसवलंस आणि पळालीस. शेजारची खुर्ची कुणाची ते सांगितलं नाहीस, तुला गंमत करायची होती. मीही विचारलं नाही. साठ माणसांत ‘यावर काय लिहिलंय गं’ असं कोण विचारणार? मी त्यावर माझी पिशवी ठेवली.

भाषण चालू असताना तुझी मावशीआजी आली. पार पिकली आहे, पण चालताना डावा खांदा पुढे काढायची सवय तशीच. कार्डं वाचत वाचत माझ्यापर्यंत आली. पिशवीखालून आपलं नाव डोकावताना तिला दिसलं असणार, ती शिकलेली आहे. पिशवीकडे बघत उभी राहिली. मग माझ्याकडे बघितलं. मग गेली.

तुझा बाप म्हणतो, मावशीला घाई असेल. तू फोनवर रडलीस, की तिला बोलावलंय हे आधी सांगायला हवं होतं, चूक तुझी. तुम्हा दोघांना मी एकच म्हणाले, कार्डावर काय आहे ते मला काय कळणार? शिवणवालीलाही तेच सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं. “पण आजी, त्या समोर उभ्या राहिल्या तेव्हा तर कळलं ना?”

मुंगे, कळलं होतं. माझा हात पिशवीच्या बंदावरच होता. उचलली नाही.

अकरा वर्षांपूर्वीचं तुला अर्धवट ठाऊक आहे. तेव्हा माझी पत्रं तुझी मावशीआजीच लिहायची. मी जिन्यात पडले ते तुझ्या बापाला कळवू नकोस म्हटलं होतं. तिने मान डोलावली आणि लिहिलं. मला वाचून दाखवताना तेवढं गाळलं. आठवड्याच्या आत तुझा बाप हजर. माझ्या घराला कुलूप लागलं आणि मी इथे आले. तिने माझं ऐकलं नाही याचा राग होताच. मला ते वाचून बघता आलं नाही याचा त्याहून जास्त, आणि तोही मी तिच्यावरच काढला. त्या दिवशी हॉलमध्ये वाटलं, राहू दे जरा उभी. जरा म्हणजे किती, ते ठरवायच्या आत ती गेली.

तेव्हा तुझी चूक नाही. त्या प्रश्नापुढे एकही चांदणी रंगवलेली नाही, ते माझ्या खात्यावर.

पुढच्या गुरुवारी मी तिच्याकडे जाते. शिवणवाली बसमध्ये बसवून देईल. दारावरची पाटी मला वाचता यायची नाही, म्हणून मजला कितवा आणि दाराचा रंग कुठला ते फोन करून सांग. ती दार उघडेल की नाही, तुला माहीत नाही आणि मलाही नाही. बापाला बोलू नकोस, गाडी काढेल आणि तिथेही भाषण करेल.

शिवणवालीने सगळं वाचून दाखवलं, काही गाळलं नाही म्हणते. मी विश्वास ठेवला आहे. खालचा अंगठा माझा.

तुझी, अजून पिशवीपाशीच बसलेली,
आजी

ता. क. बुधवारपर्यंत चार नाशपाती पाठव. अगदी पिकलेल्या, बोट लावलं की खचणाऱ्या. कडक फळ तिला आता चाववत नसेल, मला तर नाहीच. आणि फळ नासलेलं तिला बघवत नाही. दाराबाहेर ठेवून यावं लागलं, तरी संध्याकाळच्या आत तिला त्या आत घ्याव्याच लागतील.