देवीच्या उजव्या खांद्यावरचं फूल

२ फेब्रुवारी

पेपरात वॉर्डांचं आरक्षण आलं. आमचा वॉर्ड महिलांसाठी. सकाळपासून गल्लीतल्या पुरुषांना आपल्याला बायका आहेत याची आठवण झालीय. समोरचे बापू सिमेंटवाले एरवी बायकोला 'ए' म्हणून हाक मारतात. आज ओट्यावरून "शालन, अगं शालन" चाललं होतं, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं.

ह्यांचा चहा गार झाला. लग्नापासून बघतेय, वकिली कमी नि नगरसेवक व्हायची तयारी जास्त. मागच्या खेपेला हे आणि बापू दोघंही उभे राहिले. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ, तेच झालं. गल्लीची मतं फुटली, रस्त्यापलीकडचा आला. तेव्हापासून नळाचं पाणी आधी त्याच्या बाजूला. आमच्याकडे आठवड्यानं, तेही करंगळीएवढं.

म्हणाले, "आता पुढची पाच वर्षं गेली."

मी म्हटलं, "कुठं गेली? इथंच तर राहायचंय आपल्याला."

पेपरात तोंड.

४ फेब्रु.

शिवणक्लास. शाळेच्या निळ्या गणवेशांची बटणं. मुलींना कितीदा सांगायचं, दोरा मेणावरून ओढून घ्या, नाहीतर बटण महिन्यात लोंबकळतं. मेणाची वडी निळ्या तुसांनी भरून गेलीय, पिवळी आता म्हणवत नाही. बापूंची विद्यापण येते क्लासला. हात चांगला आहे, तोंड बंद. बापाच्या घरात काय ऐकते नि आमच्या घरात काय, देव जाणे. तिच्यासमोर मी जपून बोलते.

चारच्या सुमारास शेजारची कस्तुरव्वा आली. मशीनवर हात ठेवून म्हणाली, "अक्कार, नीवऽ निंदर्री." तुम्हीच उभ्या राहा म्हणे. गेल्या उन्हाळ्यात रिकाम्या घागरी घेऊन आम्ही बायका पाणी खात्याच्या हापिसात बसलो होतो, साहेबाशी कन्नडात भांडले होते मी. ते अजून तिच्या डोक्यात आहे. मी हसले. म्हटलं, "वेड लागलंय काय तुला?"

ती गेल्यावर ओळीनं तीन काजं वाकडी झाली. उसवली.

६ फेब्रु.

देवळात बैठक. पुरुष सतरंजीवर, बायका खांबामागे. वॉर्ड बायकांचा, बैठक मात्र पुरुषांची!

आधी भंडारा उचलला सगळ्यांनी. देवीपुढची हळद मुठीत घेऊन शपथ: गल्लीतून एकच बाई उभी राहील, दुसऱ्या घरानं अर्ज भरायचा नाही, आणि देवीसमोर ठरेल ते मानायचं. मीही उचलला. मग नावं. बापूंनी शालनचं घेतलं. कस्तुरव्वानं खांबामागूनच माझं ओरडून सांगितलं. बायकांत "हौदु, हौदु", हो हो म्हणून सुरू झालं.

हे हसत म्हणाले, "हिला क्लासमधून वेळ कुठं?"

बापू लगेच, "वकीलसाहेब बरोबर बोलालेत."

हे दोघं मागच्या निवडणुकीपासून एकमेकांना पाण्यात बघतात. आज एकदम एकमत! मला नाही बरं वाटलं. आणि ह्यांनी मला विचारलं का? वेळ आहे की नाही ते माझं मला सांगू तरी द्यायचं होतं.

घरी येऊन कणीक फार घट्ट भिजवली.

७ फेब्रु.

ठरेना. अर्धे शालन म्हणतात, अर्धे मी. शेवटी फूल लावायचं ठरलं. लग्नाचं, जागेचं काही अडलं की इथं तोच रिवाज. पुजारी दोन फुलं पाण्यात बुडवून देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवणार. उजवं माझं, डावं शालनचं. ज्या बाजूचं आधी पडेल ती बाई. साक्षीला गाभाऱ्यात पुजाऱ्याबरोबर दोघंच: शालनकडून बापू, माझ्याकडून हे.

फुलांचं ताट बापूंच्या घरून येणार म्हणे. का? गल्लीत काय त्यांच्याच दारी शेवंती उगवते? विचारलं तर हे म्हणतात, "तू प्रत्येक गोष्टीत काळंबेरं बघतेस."

बघते. पुजारी वीरप्पाच्या ओसरीला नवी फरशी कुणी घातली, तेही बघितलंय मी.

खरं लिहायचं तर मला हवं आहे हे. नगरसेवकपण की काय ते नाही, पण त्या हापिसात रिकामी घागर न घेता जायचंय एकदा. साहेबानं खुर्ची द्यायला हवी. ह्यांना हे सांगितलेलं नाही. का सांगितलं नाही कोण जाणे.

९ फेब्रु.

आज लागलं फूल.

शालननं नवं इरकल नेसलं होतं, सुभाष रोडवरून आणलेलं. माझ्याशी बोलायला आली, "वैनी, कुणाचंबी पडू दे, आपलं बोलणं राहू दे हं." बिचारीच्या हाताला घाम. ती वाईट नाही. तिला यात कुणी विचारलंय असं वाटत नाही.

गाभाऱ्यात अंधार. ह्यांची पाठ दिसत होती, बापूंचा खांदा, आणि मध्ये वीरप्पाचा हात. ह्यांनी एक फूल दिलं, बापूंनी एक. घंटा झाली. आरती अर्धी होते न होते तोच डावं टपकन पडलं. "अम्मा कोट्टाळ!" देवीनं दिलं, दिलं म्हणून ओरडा. बापूंनी दंडवतच घातलं.

माझं हललंही नाही. आरती संपली, गर्दी पांगली, तरी देवीच्या खांद्यावर बसलेलंच.

कस्तुरव्वाच्या डोळ्यांत पाणी. मी शालनला कुंकू लावलं, हसले, सगळं नीट केलं. हे म्हणाले, "देवीची इच्छा." ह्यांना देवी आठवते ती केस हरल्यावर. आज कुठली केस हरलेत?

वाईट वाटलं. खूपच. लिहून ठेवते, दुसरं कुणाला सांगणार.

१० फेब्रु.

सकाळी देवळात गेले. वीरप्पाची बायको निर्माल्य काढत होती. माझं फूल अजून तिथंच! वाळून मान टाकलेलं, पण खांद्याला धरून. तिनं उपटलं, हो, उपटावंच लागलं, आणि "तुमचंच की हे, घ्या" म्हणून माझ्या ओंजळीत टाकलं.

मागच्या बाजूला मेण.

कस्तुरव्वा बरोबर होती, तिनंही पाहिलं. देवळातच ओरडणार होती, मी तोंडावर हात ठेवला. ती म्हणते, "बापूंचं काम. ताट त्यांचं, फूल त्यांचं. अम्मानं कुठं सांगितलंय, मेणानं सांगितलंय. सोडा तो भंडारा. अपक्ष अर्ज भरा." अर्ज भरायला १४ पर्यंत मुदत आहे.

मीही वाटभर बापूंच्या नावानं बोटं मोडत आले. घरी येऊन उजेडात पाहिलं. मेणात निळी तुसं.

काखेत कळसा नि गावाला वळसा. माझ्याच डब्यातलं मेण! वडी काढून बघितली. कोपऱ्याशी अंगठ्यानं खरवडलेलं. आम्ही दोरा ओढतो त्याच्या चिरा पडतात, असा खड्डा नाही पडत.

कस्तुरव्वाला हे सांगितलं नाही. तिच्यापुरते बापूच राहू देत.

११ फेब्रु.

डोकं नुसतं त्याच त्याच ठिकाणी फिरतंय. डब्याला हात लावणारे कोण? क्लासच्या मुली. त्यात विद्या. आणि घरात मी नि हे.

विद्यानं मेण नेऊन बापाला दिलं असेल. सोपं आहे. ताटात फूल त्यांनी आधीच मेण लावून ठेवलं असेल आणि ह्यांनी न बघताच ते पुजाऱ्याच्या हातात दिलं असेल. ह्यांना काही कळलंही नसेल. कळत नाही ह्यांना, भाजीतली गोगलगायसुद्धा कळत नाही.

असंच असावं.

दुपारी बापू आले, पेढे घेऊन. नवीन मोबाइल शर्टाच्या खिशात, दिसेल असा. मी आत कप विसळत होते. बाहेर बोलणं, बापूंचा आवाज कधी हळू होतच नाही: "पुढच्या खेपेला बायकांचं आरक्षण सुटलं की तुम्हीच हां, वकीलसाहेब. माझं घर मागं उभं राहतंय. शब्द म्हणजे शब्द."

हे काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. मी कप विसळायची थांबले तरी आलं नाही. माठातलं पाणी पिऊन तशीच उभी राहिले.

पेढा मी खाल्ला नाही. ह्यांनी दोन खाल्ले.

१२ फेब्रु.

क्लास सुटल्यावर विद्याला थांबवलं. सहज विचारल्यासारखं, "मेणाची वडी कुणी खरवडली गं?"

ती लगेच, "काका फूल लावायच्या आदल्या दिवशी डब्यात हात घालून काहीतरी बघत होते की, काकू. चष्म्याची दांडी मोडलीय म्हणाले, दोरा पाहिजे होता."

मी ह्यांचं नाव काढलं होतं का? नव्हतं काढलं. मग इतक्या तत्परतेनं ह्यांच्यावर कशाला? तोंड बंद असलेली पोरगी आज बरी बोलली. घरून शिकवून पाठवली असेल.

नाहीतर खरंच पाहिलं असेल आणि तिलाच हे डाचत असेल. जाताना पायांतल्या चपला उलट्या घालून गेली.

ह्यांचा चष्मा बघितला. दांडी खरंच दोऱ्यानं बांधलीय. निळ्या. मेण लावलेल्या. म्हणजे डब्याला हात घातला हे खरं. दोऱ्यासाठीच घातला असेल. दोऱ्याला मेण ओढताना अंगठा लागू शकतो. लागतो का? मी स्वतः ओढून बघितलं, चारपाचदा. लागतो आणि लागत नाही.

जेवताना ह्यांना विचारणार होते. समोर चष्मा, त्याच्यामागचे डोळे भातावर. विचारलं नाही. 'नाही' म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला नसता, आणि 'हो' म्हणाले असते तर मग काय केलं असतं मी?

१३ फेब्रु.

कस्तुरव्वा आणि आठदहा जणी. अर्जाचे कागद त्यांनीच आणले. सूचक म्हणून वॉर्डातल्या मतदाराची सही लागते. कस्तुरव्वा म्हणाली, "मी करतो की सही."

भंडाऱ्याची भीती आहेच. माझी आई सांगायची, शपथ मोडली की चूल धरत नाही. पण मी शपथ काय घेतली? देवीसमोर ठरेल ते मानीन म्हणून. देवीला कुणी ठरवू दिलंय? ती बिचारी खांद्यावर मेण घेऊन उभी. आई असती तर तिला पटलं असतं का, माहीत नाही. मला निम्मं पटतंय.

मी म्हटलं, "सही ह्यांची घेईन."

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. म्हणजे त्यांनाही संशय आहे? कधीपासून? मला कुणी बोललं नाही.

१४ फेब्रु.

लिहीत बसलेय, हातांना काहीतरी काम हवं म्हणून. तीनपर्यंत मुदत. कस्तुरव्वा रिक्षा घेऊन कोपऱ्यावर.

सकाळी ह्यांच्यापुढे चहा ठेवला, शेजारी अर्ज, आणि अर्जावर ते वाळलेलं फूल. पालथं, मेण वर करून. म्हटलं, "मी उभी राहतेय. सूचकाची सही करा."

फुलाकडे बघितलं. 'हे काय?' असं विचारलं नाही. माझं सगळं लक्ष तेवढ्यावरच होतं, विचारतात का. नाही विचारलं.

म्हणाले, "भंडारा उचललाय मी."

"मीपण उचललाय. देवीचं मानायचं म्हणून."

"लोक काय म्हणतील?"

"नगरसेविकेचा नवरा म्हणतील."

हे मला बोलायचं नव्हतं, तोंडातून गेलं. ह्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. वाईटही वाटलं. रागही गेला नाही. चष्मा काढला, पुसला, दांडीचा निळा दोरा बोटानं चाचपला. मग म्हणाले, "पेन दे."

खिशाला दोन पेनं होती. तरी मी माझं दिलं. हातात धरलं, कागद जवळ ओढला. एवढ्यात गल्लीत ओरडा, "नीर बंत्री! नीर बंत्री!" आठवड्याचं पाणी. मी जागची उठले नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

तर हेच उठले! पेन कागदावर ठेवलं, मोरीतल्या घागरी उचलल्या नि मागच्या नळाला गेले. लग्नापासून ह्यांनी घागरीला हात लावलेला मला आठवत नाही. हा पश्चात्ताप म्हणायचा की पळवाट? कीव करावी की दार लावून घ्यावं?

कस्तुरव्वा डोकावून गेली, "अक्कार, वेळ व्हायलाय." म्हटलं, आलेच. सहीची जागा कोरी आहे. तिची सही घेतली तर चालेल, पण मग आयुष्यभर मला कळणार नाही की ह्यांनी केली असती का.

घागरी भरून वाहायला लागल्यात, आवाजावरून कळतंय. गल्लीत लोक थेंबाथेंबाला भांडतात, आणि आमचं पाणी गटारात चाललंय. हे नळ बंद करत नाहीत, आणि आतही येत नाहीत.