शुक्रवारी एकाचं तारण

शुक्रवार, ११ जानेवारी
परदेशी विद्यार्थ्यांसाठी माझा 'अमेरिका आणि प्रभू' वर्ग घरी सुरू. वीस खुर्च्या मांडल्या. आला एक. इजिप्तचा किरोलोस, म्हणजे मुसलमान. बरंच झालं, गर्दीत खोल काम होत नाही. पास्टर टॉडने बजावलंय, ईस्टरपर्यंत निदान एक बाप्तिस्मा, नाहीतर वर्ग आमच्याच चर्चमधल्या मार्लिसकडे. त्या बाईला बायबलची पुस्तकं क्रमाने म्हणता येत नाहीत. पोरं तिच्याकडे जातात ती ब्राउनीसाठी.

१ फेब्रुवारी
जेवणात हॅम, म्हणजे डुकराचं मांस होतं. किरोलोसने हात लावला नाही. अपेक्षितच. मग चिकन दिलं, तेही नको. चीजही नको. उपास आहे म्हणे. यांचा धर्म फारच किचकट. मनगटाच्या आतल्या बाजूला निळं अधिकचं चिन्ह गोंदलंय. इंजिनियरिंगची पोरं, दुसरं काय. नुसते बटाटे खाल्ले आणि माझी भांडी घासून गेला. मी अडवलं नाही. नम्रता शिकायलाच हवी.

८ मार्च
येशू कोण, हे अगदी पहिल्यापासून समजावलं. हेरोद राजाच्या भीतीने बाळ येशूला घेऊन कुठे पळाले, ते ऐन वेळी आठवेना. किरोलोस हळूच म्हणाला, आमच्याकडे, इजिप्तला. पोरगं तयार होतंय. सगळं माझ्या शिकवण्याचं फळ. मग माझ्या रूथच्या फोटोकडे बघून त्याने विचारलं, काकूंना जाऊन किती वर्षं झाली. चार, म्हटलं. विषयांतर फार करतो.

५ एप्रिल, दुपारी चार
विचारलं, प्रभूला मानतोस का. हो, काका, म्हणाला. इतकं सोपं! टॉडला लगेच फोन. चौदा तारखेला बाप्तिस्मा. किरोलोसला आमचं चर्च बघायला बोलावलंय, बाकी सरप्राइज. मार्लिसला मुद्दाम कळवलं. ती म्हणाली, वेंडेल, त्या पोराला विचारलंस का? जळते.

रविवार, १४ एप्रिल
हौदात कोमट पाणी. सगळं चर्च जमलेलं. किरोलोस पांढरा झगा हातात धरून म्हणाला, काका, माझा बाप्तिस्मा झालाय हो. चाळीस दिवसांचा होतो तेव्हा. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्तीच. मनगट दाखवलं. तो क्रूस होता. मार्लिस खोकली.

मी भडकलो. मग चौदा शुक्रवार माझ्याकडे कशाला कडमडत होतास, म्हटलं. तो खाली बघून म्हणाला, आमच्या फादरनी सांगितलंय, प्रत्येकाने एक एकटं माणूस धरायचं, दर आठवड्याला भेटून यायचं. मी तुम्हाला धरलं.

वर्ग मार्लिसकडे गेला. त्याचं एवढं काही नाही. किरोलोसने विचारलं, शुक्रवारी येऊ ना. म्हटलं, फादरला सांग, मी एकटा नाही. बरं झालं, काका, म्हणाला, कोण असतं तुमच्याकडे?

घरी येऊन तासभर बसलो. एकही नाव सुचलं नाही.