खणाखालचा भुसा

४ मार्च, सकाळ
संकल्प केला. गुरुजींनी चाळीस वर्षं खपून जमवलेले कीटक संग्रहालयात रंगाप्रमाणे लावलेत. पिवळ्याशेजारी पिवळा. हे काय कापडाचं दुकान आहे? मी नात्याप्रमाणे लावणार. ज्यांचा पूर्वज एक, ते एका खणात. ऑक्टोबरात समिती येतेय. संग्रह पसंत पडला नाही तर विभाग बंद. पडेलच पसंत.

५ मार्च
डांबरगोळ्यांच्या वासाने डोकं उठतं. चिंतन अशक्य. सगळ्या काढायला लावल्या. शिपाईमामा म्हणाले, "साहेब, गुरुजींनी हात तोडला असता." गुरुजी भावनाप्रधान होते.

२१ एप्रिल
शेकडो नमुने इकडचे तिकडे हलवले. वाळवी झुरळांत, कारण ती त्यांचीच शाखा. मुंग्या गांधीलमाश्यांत. फुलपाखरं पतंगांत. जेवताना हिला सांगितलं. ही म्हणाली, "मग मोरीतल्या झुरळाला आता काय म्हणू, भावोजी?"

९ जून
खणांखाली तपकिरी भुसा. मामांच्या मते कसर लागलीय. माझ्या मते लाकूड जुनं. पुसून घेतला.

१० जून
पुन्हा भुसा. लाकूड फारच जुनं.

२ जुलै, दुपार
पतंगांच्या खणात केसाळ अळी. चालती! मामा चिरडायला धावले, मी आडवा आलो. आधी वंशवृक्षात तिची जागा ठरू दे.

१७ ऑगस्ट
दुपारी विभागात इतकी शांतता, की खणांतून बारीक कुरकुर ऐकू येते. सगळ्याच खणांतून. हवा दमट आहे, लाकूड फुगत असणार. कोटाला कोपरावर भोक. ही म्हणाली, "तिकडचं काही घरात आणू नका, सांगून ठेवते." हल्ली कापडाची प्रतच घसरलीय.

३ सप्टेंबर
ठराव: वृक्ष पुरा होईपर्यंत खण उघडायचे नाहीत. उघडझाप केली की पंख गळतात. आत काय आहे ते मला ठाऊक आहे. शास्त्रात अनुमान हेही प्रमाणच.

११ ऑक्टोबर
वंशवृक्ष पूर्ण. भिंतभर. एक फांदी चुकलेली नाही. अळीची जागा तेवढी राहिली.

१४ ऑक्टोबर, संध्याकाळ
समितीतल्या बाईंनी पतंग-फुलपाखरांचा खण ओढला. टाचण्या ताठ उभ्या. चिठ्ठ्या बिनचूक. टाचण्यांवर काही नाही. दुसरा खण. सातवा. तळाशी भुसा, आणि भुशात हालचाल.

बाई म्हणाल्या, "नमुने हलवता हलवता एका खणातली कीड तुम्ही स्वतःच्या हाताने सगळ्या खणांत पोचवलीत."

तेव्हा मामांनी स्वतःच्या कपाटातून एक पेटी आणली. मार्चमध्येच लपवलेली, डांबरगोळ्यांसकट. गुरुजींची फुलपाखरं. पिवळ्याशेजारी पिवळं. समितीने लिहून घेतलं: शिल्लक पेटी एक. विभाग बंद. पेटी मामांच्या ताब्यात.

त्यातली दोन वेगळ्या शाखेची आहेत. हलवावीत म्हणून पेटीची किल्ली मागितली.

मामांनी दिली नाही.