बोटांतले ठोके

३ तारीख, सोमवार
झाले एकदाची रुजू! क्वार्टर लहानसं आहे, पण खिडकीत ऊन येतं आणि नळाला दिवसभर पाणी. आणखी काय हवं? शनिवारी आई ठमीला घेऊन येईल. माझी लेक सात वर्षांची, पण बाहुल्यांना ओळीने निजवून त्यांच्या नाड्या बघते आणि मधूनच आजीवर खेकसते. नव्या ठिकाणी तरी वेळेवर घरी यायचं, असं या बाईसाहेबांनी मला फोनवर बजावलंय.

वॉर्ड झकास. प्रत्येक खाटेशी यंत्र, सगळे आकडे टेबलावरच्या पडद्यावर. मेट्रनबाई म्हणाल्या, आता नर्सने फक्त हजर राहायचं. फक्त! खाटा वीस आणि नर्स एक. बाकीच्या नोकरी सोडून गेल्या.

माझ्या आधीच्या, केस पांढरेशुभ्र झालेल्या थोरल्या सिस्टरनी चार्ज दिला तो मात्र जुन्या रीतीने. एकेका खाटेशी थांबून त्या पेशंटचा हात माझ्या हातात ठेवायच्या, मी नाडी धरायची, मग पुढची खाट. मला आवडलं ते. शेवटचा हात दिल्यावर त्यांनी स्वतःची बोटं हलवून पाहिली, ढसाढसा रडल्या आणि डबा, चपला तिथेच टाकून अनवाणी पळत सुटल्या. वॉर्डातल्या आयामावशी बघतच राहिल्या. मला बाई हसू आवरेना.

४ तारीख, मंगळवार
माझ्या जागी कोणी आलंच नाही. काल दुपारी सुटायची मी, अजून इथेच. मेट्रनबाई म्हणतात, आज नक्की पाठवते. दुसरीच्या हाती चार्ज दिल्याशिवाय नर्सने वॉर्ड सोडायचा नसतो, हे मला कोणी शिकवायला नको. खुर्चीतच डुलकी काढली. बोटांच्या टोकांत सारखे ठोके जाणवतात. नाड्या धरून धरून मुंग्या आल्या असतील.

६ तारीख, गुरुवार
आज मावशींना बसवून क्वार्टरकडे निघाले, नुसती अंघोळ करायला. फाटकाशी पोचेतो बोटांतले ठोके बारीक झाले. रस्ता ओलांडला आणि त्यातला एक थांबला.

धावत परत आले. खिडकीपाशी असतात ते आजोबा काळेनिळे पडले होते, आणि पडद्यावर त्यांचे आकडे ठणठणीत! मी मनगट धरलं तशी नाडी लागली. आजोबांनी डोळे उघडले आणि विचारलं, पोरी, जेवलीस का. मला रडूच फुटलं. इथे आल्यापासून कोणी विचारलं नव्हतं.

मावशींना खोदून विचारलं तेव्हा त्या हळूच बोलल्या. थोरल्या सिस्टर आल्या तेव्हा त्यांचे केस काळेभोर होते. त्यानंतर फाटकाबाहेर गेल्याच नाहीत.

८ तारीख, शनिवार
आई आणि ठमी आल्या. क्वार्टरची किल्ली मावशींच्या हाती पाठवली. लहान मुलांना आत सोडत नाहीत, म्हणून ठमी दाराच्या काचेला नाक लावून उभी होती. लवकर येते म्हटलं, तर विचारते, लवकर म्हणजे कधी.

पाहणीवालेही आले होते. नर्स नोकरी का सोडतात यावर म्हणे संशोधन चाललंय. मग विचारलं, तुम्ही का टिकून आहात? मी हसत सुटले ते थांबेचना. शेवटी त्यांनीच पाणी दिलं.

११ तारीख
आली! चार्ज घ्यायला आली! हसरी, तरणीताठी पोर. सातवा महिना.
आजोबांचा हात उचलला, तिच्या हातात देणार तोच — तिचं बाळ कुठे वाढेल? या खाटांमध्ये?
नाही दिला. पळ इथून म्हटलं. मेट्रनबाई भडकल्या, आता दुसरी मिळणार नाही म्हणाल्या. हातचं घालवलं मी. ठमी, मला माफ कर गं —

तारीख माहीत नाही
आईचा फोन. पोरगी जेवत नाही. बाहुल्या टाकून दिल्या. सारखी दाराच्या काचेशी.
डोळा लागला की कोणाची तरी नाडी बुडते. उठते. धरते.
मला घरी जायचंय. फक्त घरी —

दुपार
आजोबांचा हात धरून खुर्चीत झोपले होते. जाग आली ती बोटं हलकी झाली म्हणून.
ठमी. आत कशी — मावशी कुठे होत्या —
आजोबांचं मनगट तिच्या हातात. माझ्या हातातून अलगद काढून घेतलं म्हणे. म्हणाली, मी बघते यांना, तू घरी जाऊन झोप.
हिसकावून घेतलं. मला नाडी लागत नाही. तिला लागते. हसते. आजोबा बोटात टकटक करतात म्हणते.

नंतर
तिला उचलून पळाले. दारापर्यंतच. अंगात आल्यासारखी किंचाळली, टकटक थांबली, आजोबा मरतील — हात सोडवून परत धावली.
आता झोपलीय. त्यांच्या खाटेवर डोकं ठेवून. मनगट घट्ट धरून.
सात वर्षांची आहे. तिचे केस —
आजोबा गेले तर ती सुटेल. आजोबाच गेले तर.
त्यांच्या डोक्याखालची उशी मी काढून घेतलीय. वही त्या उशीवरच ठेवून लिहितेय.
त्यांनी डोळे उघडले. ठमीकडे बघतायत. विचारतायत, ही पोर जेव