डबल बेल

३ नोव्हेंबर, सोमवार

टण्-टण्!

सकाळी चहा गाळताना कानात तोच जुना आवाज आला. बसच्या छताला लागून दोरी असायची. ती ओढली की ड्रायव्हरच्या डोक्यावर घंटा. एकदा वाजली — थांबा. दोनदा — चला. चौतीस वर्षं पीएमटीत कंडक्टर म्हणून ती दोरी ओढली. हात आपोआप वर गेला आणि गाळणं कपात पडलं.

निमित्त झालं खालच्या हॉर्नचं. आमचे चिरंजीव आफताब नवी व्हॅन घेऊन आले होते. आले म्हणजे अडकले होते. कसब्यातल्या आमच्या गल्लीत दोन छत्र्यासुद्धा एकमेकींना विचारून जातात, तिथे यानं हे पांढरं धूड घातलं! आत पलंग, शेगडी, टेबल, सगळं. फक्त वळायला जागा नाही.

तळमजल्यावरचे बापूराव बनियनवरच बाहेर आले. बापूराव म्हणजे माझे ड्रायव्हर. बावीस वर्षं एकाच गाडीवर होतो — ते पुढं, मी मागं.

'मालक, रिव्हर्स टाकायला कंपनीत शिकवत नाहीत वाटतं?'

मग चाक बापूरावांकडे, आणि मी मागे उभा राहून पत्रा बडवतोय — 'येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं... बास!' पंचवीस मिनिटांनी धूड निघालं. आफताब बाजूला उभा राहून शूटिंग घेत होता. कंपनीला उपयोगी पडेल म्हणे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

योजना कळली. तीन महिने हे लोक गाडीत राहणार. आफताब तिथूनच कंपनी चालवणार. ऑफिस हिंजवडीत, साहेब डोंगरात. सून मेहजबीनची नोकरी लॅपटॉपवर. नात अफशीन तिसरीत, तिची शाळाही फोनवर.

'अब्बा, जगात कुणी केलं नाही असं! काम, घर, प्रवास — सगळं एका गाडीत!'

आम्ही स्वारगेटला डबा खाल्ला तो गाडीत. बहिणीचं लग्न जमल्याचा निरोप आला तो गाडीत. शाळा सुटल्यावर एक पोरगं रोज शेवटच्या सीटवर बसून बावीसचा पाढा घोकायचं, मी तिकिटं फाडत फाडत चुका काढायचो. ते पोरगं आता म्हणतंय, कुणी केलं नाही असं.

मेहजबीन पराठा लाटत म्हणाली, 'अब्बा, तीन जने, तीन मीटिंगां, एक पंखा. मैं तो पंखे के नीचेच बैठनेवाली.' हिचं खरं. कंपनी हिनं चालवायला हवी.

५ नोव्हेंबर, बुधवार

कंपनी काय करते ते आज नीट समजून घेतलं. अॅपचं नाव 'खुशाली'. आईबाप एकीकडे, मुलं दुसरीकडे, मुलांना वेळ नाही. मग फोनमधून मुलाच्या आवाजात रोज आईबापांची विचारपूस होते. बोलतं यंत्र, आवाज मुलाचा. आईबापांनी उत्तर द्यायचं, तेही यंत्रच ऐकतं. आफताबनं स्वतःचा आवाज तीन तास बसून भरलाय. पहिलं गिऱ्हाईक — मी.

मी म्हणालो, 'त्यापेक्षा तूच फोन करत जा की.'

'अब्बा, ते स्केल नाही होत.'

अर्थ विचारला. म्हणजे वाढत नाही, पसरत नाही. बापाला फोन करणं पसरत नाही! बापूरावांना सांगितलं. म्हणाले, 'बरोबर आहे. बाप एकच असतो ना, पसरणार कुठं?'

६ नोव्हेंबर, गुरुवार

गेले. अफशीन खिडकीतून ओरडली, 'दादाअब्बा, डबल बेल!' मी पत्र्यावर दोन थापा मारल्या.

घरात पंखा फिरतोय. खाली बसायला कुणी नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

बरोबर एक वाजता फोन बोलला. 'अब्बा, आपण जेवलात का?'

आवाज आफताबचाच! पण — आपण? जन्मात या मुलानं मला आपण म्हटलेलं नाही. दचकून मी उभाच राहिलो. मग लाज वाटून बसलो.

'जेवलो.' थोडा वेळ पडद्यावर ठिपके नाचले. 'काय जेवलात?' 'मेथी आणि भाकरी.' पुन्हा ठिपके. 'छान. काळजी घ्या.'

शेवटी म्हणे, आजच्या बोलण्याला तारे द्या, पाचपैकी. मुलाला तारे द्यायचे! चार दिले. रोज वेळेवर येत राहिला तर पाचवा बघू.

१० नोव्हेंबर, सोमवार

गाडी महाबळेश्वरच्या घाटात पंक्चर झाली. त्यावर आफताबनं लेख लिहून टाकलाय — पंक्चरनं मला नेतृत्वाबद्दल शिकवलेल्या सात गोष्टी. बापूरावांनी मोठ्यानं वाचून दाखवला. चौथी गोष्ट, 'टीमवर विश्वास ठेवा.'

बापूराव चष्मा काढून म्हणाले, 'अय्युबभाई, सात गोष्टी वाचल्या. स्टेपनी कुणी बदलली, ते काही आलं नाही.'

मेहजबीनचा निरोप आलाच होता मला. तिनं बदलली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज दुपारी यंत्रानं विचारलं, 'अब्बा, आज कशाची आठवण आली?' बहुधा ठरलेला प्रश्न असावा. पण मी सुटलोच!

सहस्रबुद्धे बाईंची कविता सांगितली. म्युनिसिपालिटीची शाळा, चौथीचा वर्ग, बेचाळीस पोरं, बाई पायानं ताल धरायच्या. ओढा आणि गाव अशी कविता. पहिल्या कडव्यात गाव विचारतं, ओढ्या, कुठं निघालास एवढ्या घाईनं? दुसऱ्यात ओढा सांगतो, समुद्र बघून येतो, दार लावू नका. तिसरं कडवं मला आठवत नाही. साठ वर्षं शोधतोय. पुस्तकाचं ते पान तेव्हाच फाटलेलं होतं, वर्गात पाठ केलं होतं, पण डोक्यातून गेलं ते गेलंच. चौथ्यात एकदम गावात दिवे लागलेले असतात.

बोलून झाल्यावर वाटलं, यंत्राला काय त्याचं! ठिपके पुष्कळ वेळ नाचले. मग आफताबच्या आवाजात —

'मग ओढा परत आला का?'

शाळेत असताना कविता म्हटली की हा मुलगा पोट दुखतं म्हणायचा.

पाच तारे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

'अब्बा, तिसरं कडवं आठवलं का? मी वाट पाहून राहिलो आहे.'

माझा निकाल ठरला. हे यंत्र नाही. यंत्राला कवितेचं काय पडलंय? आफताब स्वतःच बोलतोय, आणि लाजून यंत्राचं नाव सांगतोय. लहानपणीही चिठ्ठी लिहून उशीखाली ठेवायचा, तोंडानं बोलायचा नाही.

बापूरावांना पटत नाही. 'वाट पाहून राहिलो? कसब्यातला पोरगा असं बोलतो? हे तर नागपूरकडचं.'

'मग गाडी तिकडं वळली असेल. प्रवासात भाषा बदलते.'

'बावीस वर्षं प्रवासात होतो आपण. तुमची बदलली नाही ती.'

पुणेरी माणसाला गोड बातमी सांगू नये.

१७ नोव्हेंबर, सोमवार

डोळे दाखवून आलो. उजवा मोतीबिंदू पिकलाय, लांबवू नका म्हणाले. या वहीतल्या ओळी मला आता दिसत नाहीत, अक्षरं रूळ सोडून चालतात ती त्यामुळे. पंचवीस तारीख, मंगळवार, सकाळी नऊ. घरचं कुणीतरी सोबत हवंच. नसेल तर ऑपरेशन नाही, पुढची तारीख एकदम जानेवारीत.

जानेवारीपर्यंत पुस्तक नाही, वही नाही. छे!

आफताबला सरळ फोन लावला. मागं चार माणसं इंग्रजीत बोलत होती.

'अब्बा, दो मिनिट... अच्छा, काय असेल ते खुशालीवर सांगून ठेवा ना. तिथलं सगळं माझ्याकडे येतं. मी बघतो.'

बरोबरच आहे. तिथं तो निवांत असतो.

एक वाजता सगळं सांगितलं. वार, वेळ, कुठल्या दारानं यायचं, सगळं. ठिपके इतका वेळ नाचले की मी ताट धुऊन आलो. मग आवाज आला,

'अब्बा, काळजी करू नका. त्या दिवशी कुणीतरी नक्की तुमच्यासोबत असेल.'

बघा! आपण जाऊन तुम्ही आलं. मुलगा वळणावर येतोय.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

हॉस्पिटलचा कागद भरला. 'सोबत येणाऱ्या व्यक्तीचं रुग्णाशी नातं' असा रकाना आहे. मुलगा, असं लिहिलं. शाईनं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

बापूराव बारामतीला निघालेत, पुतण्याचं लग्न. जाताना दारात रेंगाळले.

'लग्न माझ्यावाचून अडत नाही. अक्षता टाकायला तिथं चारशे माणसं आहेत. मी थांबतो मंगळवारपर्यंत.'

'अहो, आफताब येतोय.'

'तो म्हणाला, मी येतो?'

'म्हणाला, कुणीतरी नक्की असेल.'

बापूरावांनी माझ्याकडं पाहिलं. घाटात ब्रेक लागेना झाला होता, तेव्हा असं पाहिलं होतं. 'अय्युबभाई, कुणीतरी म्हणजे गर्दी. मुलगा म्हणजे मुलगा.'

मी जरा तोडूनच बोललो. 'तुम्ही लग्नाला जा, बापूराव. माझा मुलगा मी ओळखतो.'

गेले. जिन्यावर एकदा थांबल्यासारखं वाटलं. मी दार लावून घेतलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

शेजारच्या पूर्णिमाताईंनी त्यांच्या फोनवर आफताबचं भाषण दाखवलं. लॅपटॉपवरून कुठल्याशा सभेत बोलत होता. मागं गोकर्णचा समुद्र, व्हॅनचं दार उघडं, अफशीन वाळूत.

'आमचे पहिले युजर माझे अब्बा. रोज सरासरी अकरा मिनिटं बोलतात. आधी दोनच मिनिटं बोलायचे. खुशालीनं आमचं नातं बदललं.'

टाळ्या वाजल्या. मलाही बरं वाटलं. अकरा मिनिटं! त्यानं मोजली तरी.

पूर्णिमाताई म्हणाल्या, 'काका, हे आजचंच आहे हं. मंगळवारी पोचतात का बघा. नाहीतर मी सुट्टी मागून—'

'छे छे! पाचशे किलोमीटर म्हणजे काय? रविवारी निघाला तरी सोमवारी चहाला इथं.'

२३ नोव्हेंबर, रविवार

निघाला असेल.

पुन्हा फोन करावासा वाटला, केला नाही. गाडी चालवताना ड्रायव्हरशी बोलू नये, हे चौतीस वर्षं माझ्या डोळ्यांसमोरच्या पाटीवर लिहिलेलं होतं.

एक वाजता फोन बोलला, 'अब्बा, कागदपत्रं पिशवीत ठेवली का? आधार कार्ड? चष्म्याची डबी?' किती बारकाईनं विचारतो! आईवर गेलाय.

मी म्हणालो, 'तू नीट ये. घाई करू नकोस.' ठिपके नाचले, थांबले, पुन्हा नाचले. उत्तर आलं नाही.

घाट लागला असेल.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. व्हॅन आत घालू नकोस, बाहेरच लाव, हे सांगायला. दोन तास उभा होतो. तांबट आळीतून तांब्याच्या भांड्यांवरचे ठोके ऐकू येत होते. येणारी प्रत्येक गाडी पांढरी दिसते, हा मोतीबिंदूचा फायदा.

दुपारी अफशीनचा खराखुरा फोन आला, मेहजबीनच्या फोनवरून.

'दादाअब्बा, आज मी शिंपल्यांचा बंगला केला!'

'कुठं?'

'समुद्रावर. आम्ही अजून पाच दिवस आहोत इथं. अब्बूंचे पाहुणे येणार आहेत, त्यांना गाडी बघायचीय.'

मेहजबीननं फोन घेतला. 'अब्बा, आवाज ऐसा क्यों आ रहा? तबियत?'

तिला काहीच माहीत नव्हतं. सांगावं असं ओठांवर आलं. पण ती रात्रभर गाडी हाकत निघाली असती, हे नक्की. पोरगी गाडीत. मी म्हटलं, सर्दी झालीय.

म्हणजे ओढा समुद्र बघत बसलाय.

एक वाजता फोन बोलला नाही. आज पहिल्यांदाच. बापूरावांना लावावा तर लग्न आजच. पूर्णिमाताईंना आता कुठल्या तोंडानं सांगू?

पिशवी भरलेलीच आहे. राहू दे. जानेवारी काही फार लांब नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सव्वाआठ. घाईत लिहितोय.

दारावरची बेल वाजली. दोनदा! टण्-टण्. अफशीनच, म्हणून चप्पल न घालता धावलो.

दारात एक मुलगी. पंचविशीची, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात दोन हेल्मेट. हिला मी जन्मात पाहिलेलं नाही.

'काका, मी ऋतिका. हिंजवडीच्या ऑफिसातून आली.' मग एकदम खाली मान घालून, 'तिसरं कडवं नाही मिळालं हो. भंडाऱ्याला आजीलाही विचारलं.'

मी तिला आत घेतलं.

यंत्र अजून तयारच नाही म्हणाली. आवाज सरांचा, पण ऐकायची ती आणि लिहायचीही ती. पहिल्या दिवसापासून. सरांना आजची तारीख तीनदा कळवली, तिन्ही वेळा उत्तरात नुसता अंगठा आला. काल सुट्टी मागत फिरत होती, म्हणून एक वाजता बोलली नाही.

'मी येतो असं मी लिहिलं नाही काका. खोटं लिहवलं नाही.'

खाली स्कूटर वळवून ठेवलीय तिनं, एका झटक्यात. बापूराव असते तर मान डोलावली असती.

कागद तिच्या हातात दिलाय. नात्याच्या रकान्यापाशी ती थांबलीय, आणि माझ्याकडं पेन मागतेय.