भिंत पाच मिलिमीटर भरली

तीर्थस्वरूप अक्कांना, धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि शाळेतून निवृत्त झाल्यावरही शेजाऱ्यांची मुलं तुम्ही ओळीत उभी करता का, ते कळवावं. इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. पुढचं वाचून तुम्ही ते लाल शाईनं खोडालच.

माझ्या आतड्याला सूज येण्याचा आजार तुम्हाला नवा नाही. मागच्या खेपेला त्यात माझं अठरा किलो वजन आणि फूटभर आतडं गेलं, आणि तुमचे दोन महिने आमच्या स्वयंपाकघरात गेले. (डबे तुम्ही लावलेत त्याच क्रमानं अजून आहेत. हलवायची कोणाची छाती नाही.) त्यानंतर चौदा महिने मी ठणठणीत. तरी डॉक्टरांनी फर्मान काढलं की मोठ्या यंत्रात घालून पोटाच्या आतली तसबीर काढायची. काही दुखत नसताना कशाला, असं विचारलं, तर म्हणाले, दुखायला लागल्यावर तुम्हीच सांगाल, मला त्याच्या आधी कळायला हवं. आतड्याच्या भिंतीची जाडी मोजून आजार उलटणार का, याचा अंदाज बांधता येतो म्हणे. पाणीपुरवठा खात्यात अठ्ठावीस वर्षं मी दुसरं काय करतो? जमिनीखालच्या पाइपाची भिंत बाहेरून मोजायची, धोका दिसला की लाल खूण करायची आणि हा फुटणार म्हणून कागद पाठवायचा. तो कागद कोणी वाचत नाही, ही गोष्ट वेगळी.

तर गेलो. आधी पाऊण तासात दीड लिटर पाणी प्यायचं होतं, आणि त्याला पाणी म्हणणं हा पाण्याचा अपमान आहे. आमच्या खात्यातून तसलं पाणी सुटलं असतं तर मोर्चा आला असता. मग पालथं झोपवून नळकांड्यात सरकवलं. बाहेरून एक बाई श्वास रोखा म्हणायच्या आणि सोडा म्हणायला विसरायच्या. (मधल्या वेळात त्या चहा घेऊन येत असाव्यात, असा माझा वहीम आहे.) तसबीर वाचणाऱ्या दुसऱ्या बाईंना मी जाता जाता गाठलं. त्या म्हणाल्या, भिंत जाड झाली आहे, तीनच्या जागी पाच मिलिमीटर, बाकी डॉक्टर सांगतील.

आणि इथे माझा घात झाला. आमच्याकडे भिंत झिजली की पाइप फुटतो. जाड भिंतीचा पाइप म्हणजे नातवंडांपर्यंत काळजी नाही. मी त्या बाईंचे इतके आभार मानले की त्या घाबरून आत गेल्या. ऑफिसात बातमी दिली, तर साहेब खुर्चीतून उठून आले, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले की वापरानं भरत गेलेली भिंत मी नोकरीत पहिल्यांदा ऐकतोय. घरी तर आनंदीआनंद. त्याच दिवशी तुमच्या बहिणीनं तुम्हाला फोन करून भिंत चांगली भरली म्हणून सांगितलं असेल. तो फोन कृपया विसरा.

दोन दिवसांनी डॉक्टरांकडे मी छाती काढून बसलो. त्यांनी तसबीर दिव्यावर लावली आणि सांगितलं की आतडं जाड होतं ते सुजेनं. वरून काही कळत नसलं तरी आत धुमसतंय. त्यांच्याकडच्या अशा दहा रुग्णांपैकी सातांचा आजार वर्षाच्या आत उलटला, तेव्हा बरं आहे तोवरच इंजेक्शन सुरू करू. अक्का, माझ्या लाल खुणांचा हिशेबही अगदी हाच आहे, दहात सात. लोकांना तो सांगताना मी वर हसून म्हणायचो की तीन फुटत नाहीत, हेही लक्षात घ्या. ते माझ्याकडे तसे का बघायचे, ते आता कळलं.

अक्का, खरं सांगतो. आजारी असताना निदान बरं व्हायची वाट तरी बघता येत होती. आता बरं असून कसली वाट बघायची? जेवण गोड लागलं की भीती वाटते. रस्त्यात कोणी तब्येत सुधारली म्हणालं की त्याचा राग येतो.

तुमच्या बहिणीनं मात्र कमाल केली. डॉक्टरांचं म्हणणं तिनं शांतपणे ऐकून घेतलं, आधी कळलं ते बरंच झालं म्हणाली, आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. (तिचा स्वभाव तुम्ही जाणता, त्यामुळे इथे तुम्ही चष्मा पुसून पुन्हा वाचाल.) तेव्हा काळजी नसावी. कळावे, लोभ आहेच, रागही थोडा चालेल.

आपला,
लाल खूणवाला

ता. क. भाजीचा मजकूर मी रचला आहे. तिला मी काहीच सांगितलेलं नाही. भिंत भरली, इथपर्यंतच तिला ठाऊक आहे.

ता. क. २. गुरुवारी पहिलं इंजेक्शन आहे. नर्सबाई म्हणतात, घरचं माणूस आणा, पुढची घरी टोचायला शिकवते. म्हणजे तिला सांगणं आलं, आणि माझी जीभ रेटत नाही. तुम्ही बुधवारी या आणि तुमच्या पद्धतीनं सांगा. चौदा महिने मी न्हाणीघरात गेलो की ती दर पाच मिनिटांनी दाराशी येऊन बरं आहे ना विचारायची. परवा मी अर्धा तास आत होतो, आणि ती आली नाही. स्वयंपाकघरात काहीतरी गुणगुणत होती. मी नळ बंद करून ऐकत बसलो.

ता. क. ३. अर्धा तास आत काय करत होतो, असं तुम्ही विचारालच. परवापासून पोटात दुखतंय. बुधवारऐवजी हे पत्र मिळताच आलात तर बरं.