मूळ नकाशात नसलेलं दार

वूस्टर, ३ मार्च १९८६

ती. एव्हान्थियाताईस,
लांब्रोसचा सा. न. वि. वि.

फोन केला की तू आपटतेस, म्हणून पत्र. हे आपटून बघ.

परवा न्यू हॅम्पशायरात एका शेतावर डायनर सापडला. आगगाडीच्या डब्यासारखी जुनी, लाकडी खाणावळ. संगमरवरी काउंटरवर कोंबड्या बसलेल्या. असे डायनर हुडकायचे, ट्रेलरवर घालून आणायचे आणि घासूनपुसून उभे करायचे, हे माझं खूळ तुला माहीत आहे.

पण आपल्या बाबांच्या डायनरचं काय? जागामालकाने जमीन औषधाच्या दुकानाला विकली, तुला उन्हाळ्यापर्यंत मुदत दिली, पुढे बुलडोझर. त्यापेक्षा आमच्या संग्रहालयाला दे. आईची काळजी नको. काउंटरमागची तिची जागा तिचीच राहील, हा माझा शब्द.

आईला नमस्कार. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
लांब्रोस


फिचबर्ग, १९ मार्च १९८६

चि. लांब्रोस यास अनेक आशीर्वाद.

तुझा शब्द आपल्या कॉफीसारखा, कप रिकामा झाला की परत ओतून मिळतो. तरीही डायनर देते, कारण दुसरा मार्ग नाही.

आईला आता माझं नाव आठवत नाही. काल मला म्हणाली की बाई, तुम्ही फार दिवसांनी आलात. लांब्राकी जेवला का, हे मात्र दिवसातून दहादा विचारते. आहेसच तू लाडका. काउंटरमागे गेली की तिचे हात चुकत नाहीत. मिठाच्या बाटल्या भरते, अंडी परतते, भरला ट्रे घेऊन गर्रकन वळते आणि खांद्याने मागचं दार ढकलून स्वयंपाकघरात जाते. एक दिवस डायनर बंद ठेवला तर कोट घालून घरात येरझारा घालते, रडते. डॉक्टर म्हणाले की हे काम सुटलं तर ती फार तग धरणार नाही.

म्हणून अट एकच. तिचं काम तिला राहू दे. बाकी चांदीचा मुलामा दे नाहीतर शेण फास, मला काही नाही.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
ताई


वूस्टर, ८ सप्टेंबर १९८६

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू ओळखणारच नाहीस! बाबांनी ठोकलेला गुलाबी पत्रा काढला तर खाली मूळचा हिरवा रंग निघाला. बाबांची बाकडी, मोठी शेगडी, मागच्या भिंतीत त्यांनी करवतीने पाडलेलं दार, सगळं काढून टाकलं. दार कारखान्याच्या नकाशात नव्हतंच. भिंत अशी सांधली आहे की बोट फिरवूनही कळत नाही. १९३८ साली कारखान्यातून निघाला तसाच डायनर दिसला पाहिजे, हा आमचा नियमच आहे. गॅस जोडलेला नाही. विमेवाले परवानगी देत नाहीत.

आई ग्रीसहून आली एकोणपन्नास साली. काटेकोर बोलायचं तर तीही मूळची नाही. हसलीस का?

चार ऑक्टोबरला उद्घाटन आहे. आईला चांगले कपडे घालून आण. विश्वस्त मंडळी येणार आहेत.

लोभाची वाट पाहणारा,
लांब्रोस


फिचबर्ग, ६ ऑक्टोबर १९८६

लांब्रोस,

आशीर्वाद द्यायला आज हात उचलत नाही.

भाषणं चालू असताना आई दोरीखालून वाकून काउंटरमागे गेली. मी अडवलं नाही. किती दिवसांनी तिचा चेहरा शांत दिसला होता. तिने कप गोळा केले, ट्रे उचलला, गर्रकन वळली आणि इतकी वर्षं जिथे दार होतं तिथे खांदा घातला.

भिंत होती. कपाळ फुटलं, कप फुटले, आणि लोक हसले. एकाने तर टाळ्या वाजवल्या. त्यांना तो कार्यक्रमच वाटला. तूही हसलास. अध्यक्षांची माफी आधी मागितलीस आणि मग आईकडे आलास. मी रक्त पुसायला काउंटरवरचा रुमाल घेतला, तर तुझा माणूस म्हणाला की तो जुना आहे, हात लावू नका.

टाके पडले आहेत. तेव्हापासून कोट घालून दाराशी उभी असते, कामावर सोडा म्हणून माझ्या हातापाया पडते. स्वतःच्या आईने पाया पडणं कसं असतं ते तुला कळायचं नाही.

ते दार परत पाड. एवढंच मागते.

ताई


वूस्टर, २० ऑक्टोबर १९८६

ती. ताईस सा. न. वि. वि.

दार पाडता येणार नाही. त्या दाराखातर मंडळ नकाशा मोडणार नाही. पण बातमी चांगली आहे! आई सगळ्यांना फार आवडली. दर रविवारी दुपारी तिने अडतीस सालचा गणवेश घालून काउंटरमागे उभं राहावं, असं ठरलं आहे. किटली रिकामी, कप रिकामे, त्यामुळे भाजायची भीती नाही. भिंतीजवळ एक माणूस उभा करू.

दोन विनंत्या आहेत. तू बाहेर गाडीत थांब. तुझा चेहरा बघून पाहुणे काढता पाय घेतील. आणि आईला समजाव की लोकांसमोर मला लांब्राकी म्हणून ॲप्रनने माझं तोंड पुसू नकोस. उद्घाटनाला अध्यक्ष बघत होते.

राग सोडून लोभ धरावा.

तुझा,
लांब्रोस


फिचबर्ग, १ डिसेंबर १९८६

चि. लांब्रोस यास,

दर रविवारी आणते आहे. दुसरं करू काय? घरी रडण्यापेक्षा तिथे रिकाम्या कपात रिकामी किटली ओतलेली बरी. मी गाडीतच बसते, काचेतून दिसते तेवढी बघते. लोक तिला उगाच पुन्हा पुन्हा कॉफी मागतात आणि खिदळतात. तीही हसते.

सोबत तुमचा काउंटरवरचा शोभेचा मेणाचा केक परत पाठवते आहे. लांब्राकी शाळेतून भुकेला येईल म्हणून तिने पिशवीतून आणला होता. गोड आहे की नाही बघायला घास घेतला, तिच्या दातांच्या खुणा दिसतील.

लांब्राकी म्हणू नकोस, ही तुझी दुसरी विनंती आईला सांगावीच लागली नाही. नवी नोकरी बरी मिळाली म्हणते. गिऱ्हाइकं पैसे न देता जातात, पण मालक ओरडत नाही. मालक म्हणजे तू. काल गाडीत म्हणाली की मालक फार वाळलाय, शर्टाचं बटणही तुटलेलं असतं, त्याला आई नाही का.

मी म्हटलं, नाही.

वाटेतलं लेमिन्स्टर गाव येईपर्यंत ती तुझ्यासाठी हळहळत होती.

लोभ शिल्लक असेल तर असू द्यावा.

तुझी,
एव्हान्थिया